पदक, मणी आणि साक्ष : मिथ्यारोपाच्या कथा आणि श्रद्धेचे स्वरूप

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे गोदावरीच्या काठावरील गाव संत जनाबाईचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. दमा आणि करुंड या मातापित्यांची ही मुलगी बालपणीच पंढरपुरास दामाशेटींच्या घरी आली, त्या घरी दळणकांडण करीत राहिली आणि आपल्या अभंगांत स्वतःस नामदेवांची दासी म्हणवीत राहिली, असे परंपरा सांगते. तिच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत. परंतु गावोगावच्या कीर्तनांत अभंगांइतकीच तिच्यावर आलेल्या एका आळाची कथा सांगितली जाते. ती कथा आणि तिच्याशी विलक्षण साम्य असलेली पाली अट्ठकथेतील एक कथा एकमेकींशेजारी ठेवून वाचावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बौद्ध अध्ययनाच्या पानांत वारकरी परंपरेतील कथेची चर्चा कशासाठी, अशी शंका काही वाचकांस येईल. तिचे उत्तर असे की, ज्यांच्याविषयी इतरांनी चुकीचा निवाडा केला आहे अशा माणसांनी श्रद्धा कशावर ठेवावी आणि आशा कोठे बांधावी, हा प्रश्न एका पंथाचा नाही. तो आपल्या समाजाचा तर पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रश्न आहे. अस्पृश्यता म्हणजे आरोप न सांगता, प्रश्न न विचारता आणि साक्ष न घेता दिलेला निकालच होता. असा निकाल ज्यांनी भोगला त्यांनी कोणती कथा उशाशी घ्यावी, याचा विचार बौद्ध अभ्यासकाने केला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

जनाबाईचे पदक

कथा थोडक्यात अशी. जनीला दळू लागावे म्हणून विठ्ठल रात्री तिच्या घरी येतो. पहाट होताच घाईघाईत तो आपले पदक तिथेच विसरतो आणि तिची वाकळ पांघरून देवळात परततो. पुजाऱ्यांना पदक दिसत नाही. संशय जनीवर जातो, शोध होतो, पदक तिच्यापाशी सापडते. तिला सुळी देण्याचे ठरते. जनी विठ्ठलाचा धावा करते आणि सुळाचे पाणी होते. महिपतीबुवा ताहराबादकरांनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’ ग्रंथामुळे ही कथा मराठी घराघरांत पोहोचली. जनाबाई नामदेवांच्या काळातील, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकातील. ग्रंथ आणि ती यांच्यामध्ये चारशे वर्षांचे अंतर आहे. तेव्हा घडलेली घटना म्हणून नव्हे, तर लोकमनाने जपलेला अनुभव म्हणून ही कथा वाचणे युक्त होय.

चमत्काराला हसून कथा बाजूस सारणे सोपे आहे. आम्ही तसे करणार नाही. चमत्काराच्या आधी कथेत जे घडते ते पुरेसे वास्तव आहे. देवाचा अलंकार हरवला, की संशयाचे बोट कोणाकडे वळते? दासीकडे. चोखामेळ्यांविषयीही परंपरा हेच सांगते. विठ्ठलाचा हार त्यांच्या गळ्यात आढळला आणि बडव्यांनी त्यांना मारहाण केली. एक शूद्र दासी आणि एक महार संत, दोघांवर आळ एकच, आणि तोही देवाच्या दागिन्याच्या चोरीचा. हा योगायोग नव्हे. समाजाच्या तळाशी असलेल्या माणसाच्या हाती मोलाची वस्तू दिसली, की ती चोरीची असली पाहिजे, हे गृहीत धरूनच निवाडा सुरू होतो.

यापेक्षाही सूक्ष्म गोष्ट पुढे आहे. दोन्ही कथांत वस्तू खरोखरच त्यांच्यापाशी सापडते. पुरावा त्यांच्या विरुद्ध आहे. खरी हकिकत त्यांच्यापाशी आहे, पण ती सांगितली तर कोणी मानणार नाही. देव माझ्या घरी आला होता, माझ्याबरोबर दळत होता, हे दासीने सांगावे आणि पुजाऱ्याने मानावे, हे कसे व्हावे? न्यायकर्त्यांचा अविश्वास पदकाविषयी नाही. तिच्या घरी देव येऊ शकतो, या गोष्टीवर त्यांचा विश्वास नाही. चूक वस्तुस्थितीच्या आकलनात नसून माणसाच्या किमतीच्या आकलनात आहे. मिथ्यारोपाचे हे मर्म या लोककथेने फार अचूक पकडले आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

जनीची श्रद्धाही मवाळ नाही, हे येथे नोंदवावे. तिच्या नावावरील अभंगांत ती देवाला खडसावते, प्रसंगी शिव्याही देते. मुकाट सोसणारी भक्ती ही तिची ओळख नव्हे. ज्याने पदक विसरले त्यानेच येऊन निस्तरावे, असा तिचा हक्काचा सूर आहे. ज्यांना कोणतेही न्यायालय उपलब्ध नव्हते, ज्यांची साक्ष कोठेही लिहून घेतली जात नव्हती, त्यांनी आपली फिर्याद थेट देवाच्या दारात नेली. सुळाचे पाणी होणे हा त्यांनी स्वतःच्या बाजूने दिलेला निकाल होय.

मात्र त्या निकालाची मर्यादाही स्पष्ट आहे. सुळाचे पाणी झाले, पण सूळ रोवण्याची रीत जशीच्या तशी राहिली. उद्या पुन्हा अलंकार हरवला तर संशय पुन्हा कोणा दासीवरच जाईल आणि तिच्यासाठी देव येईलच, याची हमी कोणी द्यावी? चमत्कार एका व्यक्तीला वाचवतो, निवाड्याची पद्धत बदलत नाही. शिवाय ज्या निर्दोष माणसासाठी सुळाचे पाणी झाले नाही, त्याच्याविषयी श्रोत्यांच्या मनात नकळत एक शंका उरते, की त्याची भक्ती कमी पडली असेल, किंवा तो दोषीच असेल. चमत्कारावर उभारलेली आशा न वाचलेल्यांवर अशा रीतीने दुसरा आरोप ठेवते.

तिस्स थेरांचे मौन

आता श्रावस्तीकडे वळू. धम्मपदाच्या पापवग्गातील एका गाथेच्या निमित्ताने अट्ठकथाकार एक कथा सांगतात. तिस्स नावाचे थेर बारा वर्षे एका मणिकाराच्या घरी भिक्षा घेत असत. एके दिवशी मणिकार मांस कापीत बसला असता कोसलराज पसेनदीने एक मणी पैलू पाडण्यासाठी पाठविला. रक्ताने माखलेल्या हातानेच मणिकाराने तो घेतला, पेटीवर ठेवला आणि तो हात धुण्यास आत गेला. घरात पाळलेला क्रौंच पक्षी होता. रक्ताच्या वासाने मांस समजून त्याने तो मणी गिळला. थेरांनी हे पाहिले.

मणिकार परतला. मणी नाही. त्याने पत्नीला विचारले, मुलांना विचारले, थेरांना विचारले. थेर म्हणाले, मी घेतला नाही. मग मणिकाराने पत्नीजवळ आपला संशय थेरांवर असल्याचे बोलून दाखविले. पत्नीने त्याला परोपरीने थोपविले. इतकी वर्षे हे आपल्या घरी येतात, त्यांच्या ठायी कधी दोष दिसला नाही, असे तिचे म्हणणे होते. त्याने ऐकले नाही. थेरांच्या मस्तकाला दोरी गुंडाळून त्याने ती दांडक्याने पिळली. नाकाकानांतून रक्त वाहू लागले. ते रक्त पिण्यास क्रौंच जवळ आला, तेव्हा रागाच्या भरात मणिकाराने त्याला लाथ मारली आणि पक्षी गतप्राण झाला. पक्षी मेल्याची खात्री करून घेतल्यावरच थेरांनी सत्य सांगितले. आधी सांगितले असते तर पक्ष्याचा जीव गेला असता. पक्ष्याच्या पोटात मणी सापडला. मणिकार पाया पडला. थेरांनी त्याला क्षमा केली. दोष तुझा नाही, माझाही नाही, दोष या संसारचक्राचा, असे ते म्हणाले. मात्र यापुढे कोणाच्याही घरात छपराखाली शिरणार नाही, असा त्यांनी निश्चय केला. त्याच आघाताने पुढे त्यांचे परिनिर्वाण झाले.

पदक आणि मणी, दोन्ही कथांचा आरंभ एकच आहे. मोलाची वस्तू नाहीशी होते आणि ज्याने ती घेतली नाही त्याच्यावर आळ येतो. परंतु येथे दोरीचे फूल होत नाही. दोरी दोरीच राहते आणि रक्त रक्तच राहते. थेर अर्हत असूनही त्यांना वेदनेपासून कोणी सोडविले नाही. अट्ठकथेने हे सत्य लपविले नाही, हे तिचे मोठेपण होय.

तथापि या कथेच्या नेहमीच्या निरूपणाविषयी आमचा मतभेद आहे. प्रवचनांत तिस्स थेरांची क्षमा तेवढी उचलली जाते आणि अन्याय झालेल्याने दोष कोणाचा नाही असे म्हणून शांत राहावे, असा बोध काढला जातो. कथेचा बारकाईने विचार केला तर हा बोध टिकत नाही. पहिली गोष्ट, क्षमा थेरांनी केली, शेजाऱ्यांनी त्यांच्याकडे मागितली नाही. क्षमा करणे हा पीडिताचा अधिकार आहे. तिची अपेक्षा धरणे हा इतरांचा अधिकार नव्हे. दुसरी गोष्ट, क्षमेनंतर सर्व काही पूर्ववत झाले नाही. ज्या घरांनी विश्वास मोडला त्यांच्या छपराखाली न जाण्याचा निर्णय थेरांनी घेतला. तिसरी गोष्ट, अट्ठकथाकार मणिकाराला सोडून देत नाहीत. गाथेच्या आधारे ते चौघांच्या चार गती सांगतात. पक्षी त्याच घरात मणिकाराच्या पत्नीच्या उदरी जन्मास येतो, मणिकार निरयात जातो, त्याची पत्नी स्वर्गात जाते आणि थेर परिनिर्वाण पावतात. क्षमा मिळाली म्हणून कर्म पुसले गेले नाही.

आणि चौथी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. पत्नीला स्वर्ग कशासाठी मिळाला? तिने थेरांना वाचविले नाही, तिला ते जमलेही नाही. तिचा शब्द घरात चालला नाही. तिने एवढेच केले, की समोरच्या माणसाचे बारा वर्षांचे आचरण आठवले आणि त्याच्या बाजूने साक्ष दिली. जनीच्या कथेत देवाखेरीज कोणी तिच्या बाजूने उभा राहत नाही. श्रावस्तीच्या कथेत देव येत नाही, पण एक स्त्री उभी राहते. मिथ्यारोपाच्या कथेत माणसाची साक्ष प्रवेश करते, हा दोन्ही कथांमधील मूलभूत भेद आहे.

दब्ब थेरांना विचारलेला प्रश्न

येथे कोणी म्हणेल, की बौद्ध साहित्यातही चमत्कार आहेतच. हे खरे आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. चिंचा माणविकेने पोटाला लाकडी फळी बांधून तथागतांवर आळ घेतला, तेव्हा शक्राने आणि देवपुत्रांनी उंदीर होऊन दोऱ्या कुरतडल्या व फळी खाली पडली, असे अट्ठकथाच सांगते. सुळाचे पाणी करणारी कल्पना आणि उंदरांकडून दोरी कुरतडविणारी कल्पना एकाच जातीच्या आहेत. एकीला अंधश्रद्धा आणि दुसरीला धम्म म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. म्हणून अट्ठकथेकडून मूळ विनयपिटकाकडे गेले पाहिजे. तेथे दब्ब मल्लपुत्त थेरांचे प्रकरण आहे.

राजगृहाच्या वेळुवनात भिक्खूंच्या निवासाची आणि भोजनाची वाटणी करण्याचे काम दब्ब थेर पाहत असत. मेत्तिय आणि भुम्मजक या दोन भिक्खूंना एका गृहस्थाकडे निकृष्ट अन्न मिळाले. हे दब्बांनीच घडवून आणले असा त्यांचा ग्रह झाला. त्यांनी मेत्तिया नावाच्या भिक्खुणीला पुढे केले आणि दब्बांनी आपल्याला भ्रष्ट केले असा आरोप तिच्याकडून करविला. भगवंतांनी संघास एकत्र बोलावून दब्बांना विचारले, असे काही केल्याचे तुला स्मरते काय? दब्बांनी उत्तर दिले, भगवंत मला जाणतातच. प्रश्न तीनदा विचारला गेला, तीनदा हेच उत्तर आले. तेव्हा भगवंतांनी सांगितले, की अशा उत्तराने आरोप सुटत नसतो. केले असेल तर केले म्हण, केले नसेल तर केले नाही म्हण. मग दब्बांनी स्पष्ट सांगितले, की जन्मापासून स्वप्नातही असे आपल्या हातून घडलेले नाही.

या संवादावर जितका विचार करावा तितका थोडा आहे. दब्बांचे पहिले उत्तर श्रद्धेचे आहे. सर्व जाणणारा मला जाणतो, मग मी बोलावे कशाला, हीच जनीची भूमिका आणि हीच जगातील असंख्य निर्दोषांची भूमिका. तथागत ते उत्तर स्वीकारीत नाहीत. आपल्या सर्वज्ञतेवर निवाडा सोपविण्यास ते नकार देतात. निर्दोष माणसाने स्वतःच्या तोंडाने, संघासमोर, स्वतःच्या आचरणाची साक्ष द्यावी, अशी त्यांची अपेक्षा आहे. दीघनिकायाच्या आरंभीच्या ब्रह्मजाल सुत्तातही हेच सूत्र आहे. कोणी निंदा केली तर रागावू नका, कारण रागाने खरेखोटे कळेनासे होते. परंतु गप्पही राहू नका. जे असत्य आहे ते असत्य म्हणून उलगडून दाखवा.

पुढे विनयपिटकाने सात अधिकरणशमथ, म्हणजे वाद मिटविण्याच्या सात रीती, सांगितल्या आहेत. त्यांतील पहिली संमुखविनय होय. ज्याच्याविषयी निर्णय घ्यायचा तो समोर हजर असल्याखेरीज निर्णय नाही. दुसरी सतिविनय, म्हणजे स्मृतीच्या आधारे निर्दोषत्वाची घोषणा. ती दब्बांपासून सुरू झाली. तिची रीत पाहण्यासारखी आहे. निर्दोष भिक्खूने संघाकडे तीनदा याचना करावयाची, समर्थ भिक्खूने प्रस्ताव मांडावयाचा, तीनदा तो जाहीर करावयाचा, कोणाची हरकत नसेल तरच तो संमत व्हावयाचा. निर्दोषत्व हे मनातल्या मनात ठेवण्याचे समाधान राहिले नाही. ते समुदायाने उघडपणे उच्चारावयाचे सत्य झाले. आणि निराधार आरोप करणाऱ्यांसाठी संघादिसेसात स्वतंत्र नियम घातला गेला.

समीक्षकाने आपल्या परंपरेचीही झडती घेतली पाहिजे. याच प्रकरणात मेत्तिया भिक्खुणीला संघातून काढून टाकले गेले आणि नंतर त्या दोन भिक्खूंनीच कबूल केले, की तिला आपण चिथावले होते. जिला हत्यार म्हणून वापरले तिला शिक्षा सर्वांत आधी आणि सर्वांत कठोर मिळाली. तिला दब्बांसारखा प्रश्न तीनदा विचारला गेल्याचे ग्रंथ सांगत नाही. ही उणीव डोळ्यांआड करणे योग्य नव्हे. ज्या कसोटीने विनयपिटक श्रेष्ठ ठरते, त्याच कसोटीने त्याची ही उणीवही दिसते.

अंगुलिमालाची गल्लत

आता आपल्या विहारांतील एका प्रघाताविषयी नम्रपणे लिहिणे भाग आहे. समाजाने हिणवलेल्या, संशयाने ग्रासलेल्या माणसांना धीर देण्यासाठी आपल्याकडे हमखास अंगुलिमालाची कथा सांगितली जाते. कथा थोर आहे यात वाद नाही. परंतु अंगुलिमालाने माणसे मारली होती. त्याची कथा परिवर्तनाची आहे. ज्याने काहीच केले नाही त्याला ती सांगणे म्हणजे तूही सुधारू शकतोस असे म्हणणे होय. हे सांत्वन नसून आरोपावर मारलेला शिक्का आहे. निर्दोषाला सुधारणेची गरज नसते, त्याला चौकशीची गरज असते.

या गल्लतीने या देशात काय केले हे सर्वश्रुत आहे. १८७१ मध्ये ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि समूहच्या समूह जन्मतः चोर ठरविले. हजेरी लावणे, परवान्याशिवाय गाव न सोडणे, काटेरी तारांच्या वसाहतींत राहणे, हे त्यांच्या वाट्यास आले. सोलापूरची वसाहत त्यांपैकीच. या वसाहतींचे समर्थन सुधारणेच्या भाषेतच केले जात होते. जो गुन्हा केलाच नाही त्यातून सुधारावयाचे, असा हा अजब न्याय होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि हे समूह विमुक्त म्हटले जाऊ लागले, परंतु सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे मागोमाग आले आणि लोकांच्या मनातील नोंदवही मिटली नाही. मराठवाड्यातीलच लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनाने ती नोंदवही मराठी वाचकांपुढे उघडली आणि १९८८ मध्ये त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या ग्रंथाचे मोल परिवर्तनकथा म्हणून नाही. सतिविनयाच्या याचनेप्रमाणे तो समाजासमोर दिलेली साक्ष आहे, म्हणून त्याचे मोल आहे.

परभणीचे वर्तमान

हा विचार ग्रंथांपुरता ठेवता येत नाही, कारण परभणीने अलीकडेच त्याची किंमत मोजली आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणी शहरात बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील राज्यघटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि अटकसत्र सुरू झाले. अटक झालेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हे कायद्याचे विद्यार्थी होते. ते वडार समाजातील, म्हणजे महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीतील समाजाचे. १५ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयीन कोठडीत असताना त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यावरील आरोप खरा की खोटा, हे विचारले जाण्याआधीच उत्तर देणारा गेला.

त्यांच्या मातोश्रींनी प्रश्न सोडला नाही. ४ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जबाबदार पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला आणि ३० जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. दोषी कोण हे ठरविण्याचे काम न्यायालयाचे आहे. ते आम्ही आमच्याकडे घेणार नाही, कारण तसे केले तर या लेखातील प्रत्येक वाक्य खोटे ठरेल. आम्ही एवढेच पाहतो, की या मातेने सुळाचे पाणी होण्याची वाट पाहिली नाही आणि दोष संसारचक्राचा असेही म्हटले नाही. तिने विचारा, असे सांगितले. ज्या घटनेच्या प्रतिकृतीपासून हे प्रकरण सुरू झाले, तिच्या २२ व्या कलमात अटकेचे कारण सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे बंधनकारक आहे. हे कलम विनयपिटकातून उचलले असे आम्ही म्हणत नाही. परंतु २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी संघाच्या सभानियमांचे, प्रस्तावाचे, गणपूर्तीचे आणि मतमोजणीचे जे स्मरण करून दिले, ते व्यर्थ नव्हते. माणसाला समोर उभे करून विचारल्याखेरीज त्याच्याविषयी ठरवू नये, ही जाणीव या भूमीला नवी नाही, हे त्यातून निदर्शनास येते.

मग श्रद्धा ती कोणती? पालीत आकारवती सद्धा असा शब्द आहे. कारणांचा आधार असलेली, पाहून-पारखून बसलेली श्रद्धा, असा त्याचा आशय. वीमंसक सुत्तात तर तथागतांचीही परीक्षा करा, असे खुद्द तथागतच सांगतात. ज्याच्याविषयी इतरांनी चुकीचा निवाडा केला आहे त्याची श्रद्धा अशी असावी. आपले आचरण आपल्याला ठाऊक आहे आणि ते तपासून घेण्यास आपण तयार आहोत, ही तिची पहिली बाजू. तपासणी व्हावी असा हट्ट सोडणार नाही, ही दुसरी. आशा हा शब्द बौद्ध परिभाषेत तृष्णेच्या शेजारी बसतो, म्हणून आम्ही तो जपून वापरतो. फळाची आसक्ती म्हणून नव्हे, तर समोरचा माणूस ऐकू शकतो या विश्वासाच्या अर्थाने तो वापरता येतो.

आणि हा विश्वास एकट्या आरोपिताने पेलावयाचा नाही. धम्मपद सांगते, की बोलणाऱ्याची निंदा होते तशी गप्प राहणाऱ्याचीही होते. निंदा कोणालाच चुकली नाही. म्हणजे आज ना उद्या प्रत्येकाच्या शेजारी कोणी आळ आलेला माणूस उभा असणार आहे. त्या वेळी आपण मणिकार व्हावयाचे की त्याची पत्नी, एवढीच निवड आपल्या हाती राहते. तिच्या शब्दाने दोरी सुटली नाही, तरी अट्ठकथेने तिचा शब्द मोजला.

पंढरपूरजवळ गोपाळपुरास जनीचे जाते दाखवितात. गंगाखेडहून निघालेल्या त्या मुलीला न्याय मिळावा म्हणून त्या काळच्या लोकांना देवाला दळायला बसवावे लागले, कारण तिच्या बाजूने बोलणारा माणूस त्यांना आपल्यात सापडला नाही. आज गंगाखेडला, परभणीला, कोणत्याही गावी एखाद्या दासीवर, पारध्यावर, वडारावर आळ आला, तर तिच्या-त्याच्या घरी देव येऊन गेला का हे विचारण्याचे कारण नाही. त्याला समोर बोलवावे, तुला काय स्मरते असे विचारावे आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत कोणाचाही हात दोरीकडे जाऊ देऊ नये.